'मायशेल' कसा बनतो? सी भाषेत स्वतःचा शेल लिहिताना आत नेमकं काय घडतं

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स केलेल्या कुणासमोर 'मायशेल' हा शब्द उच्चारून बघा. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलची ती ओळखीची स्लिप. 'मायशेल' असा प्रॉम्प्ट दाखवणारा सी प्रोग्राम लिहा, कमांड वाचा, तिचे तुकडे करा, चाइल्ड प्रोसेस तयार करून ती चालवा आणि जोडीला 'काउंट', 'लिस्ट', 'टाइपलाइन' किंवा 'सर्च' यातली एखादी कमांड स्वतः बनवा. प्रोग्राम पाठ करून मार्क मिळवता येतात. पण व्हायव्हात 'इथे फोर्क का केला?' असं विचारलं की बऱ्याचदा गाडी अडते.

खरं तर सगळी गंमत त्याच प्रश्नात आहे. शंभर-दीडशे ओळींचा हा प्रोग्राम कॉम्प्युटर रोज करत असलेलं सगळ्यात मूलभूत काम उघडं करून दाखवतो: एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामला जन्म कसा देतो. आणि शेलची एक छोटी चूक किती महागात पडू शकते, हे २०१४ मध्ये अख्ख्या इंटरनेटने पाहिलंय. त्याकडे शेवटी येऊच.

शेल म्हणजे काय आणि काय नाही?

आधी एक गोंधळ दूर करू. काळ्या खिडकीला आपण टर्मिनल म्हणतो. पण ती खिडकी म्हणजे शेल नाही. टर्मिनल फक्त अक्षरं दाखवतं आणि कीबोर्डवरची अक्षरं पुढे पाठवतं. ती अक्षरं वाचून 'अच्छा, याला फाइल्सची यादी हवी आहे' असं ठरवणारा, आत बसलेला वेगळा प्रोग्राम म्हणजे शेल. बहुतेक लिनक्सवर तो 'बॅश' असतो. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून नव्या युजरला 'झेडशेल' मिळतो.

हे नाव फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझाँ यांनी दिलं. १९६० च्या दशकात 'मल्टिक्स' या सिस्टीमची आखणी सुरू असताना त्यांनी कमांड घेणाऱ्या या थराला 'शेल', म्हणजे कवच म्हटलं. आत कर्नल, म्हणजे गर. बाहेर कवच. उपमा अगदी नारळाची आहे.

पण या उपमेमुळे एक गैरसमज होतो. शेल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा काही खास अधिकार असलेला भाग असेल, असं वाटतं. तसं अजिबात नाही. कर्नलच्या नजरेत शेल हा कॅल्क्युलेटर किंवा व्हिडिओ प्लेअरसारखाच एक साधा प्रोग्राम आहे. म्हणून तर तो कुणीही लिहू शकतं आणि आपला स्वतःचा वापरू शकतं.

सांगाडा: एक न संपणारी लूप

शेलचा सांगाडा मराठीत लिहायचा तर एवढाच:

कायम चालू ठेवा:
— प्रॉम्प्ट दाखवा
— एक ओळ वाचा
— ओळीचे शब्द वेगळे करा
— पहिला शब्द 'सीडी' किंवा 'एक्झिट' असेल तर ते काम स्वतः करा
— नाहीतर फोर्क करा. चाइल्डमध्ये कमांड चालवा, पेरेंटमध्ये ती संपेपर्यंत थांबा

ओळ वाचायला 'गेटलाइन' हे फंक्शन सोयीचं. ओळ कितीही लांब असली तरी जागेची व्यवस्था ते स्वतः करतं. 'कंट्रोल-डी' दाबलं तर गेटलाइन उणे एक परत देतं. हे तपासायला विसरलात तर प्रॉम्प्टचा धबधबा सुरू होतो, थांबायचं नाव नाही.

शब्द वेगळे करायला बहुतेक जण 'स्ट्रटॉक' वापरतात. स्पेस दिसली की तुकडा. 'एलएस', स्पेस, 'वजा एल' अशा ओळीचे दोन तुकडे होतात. ते एका अ‍ॅरेमध्ये ठेवायचे आणि शेवटी नल पॉइंटर टाकायचा. अ‍ॅरे कुठे संपला हे पुढच्या टप्प्याला दुसऱ्या कशावरून कळणार नसतं.

सुरुवातीला हे पुरतं. मग एखाद्या फोल्डरचं नाव 'माझे फोटो' असतं आणि मधल्या स्पेसवर शेल त्याचे दोन फोल्डर करतो. अवतरणचिन्हातला मजकूर एकच शब्द धरायचा, हा नियम तुमच्या शेलला कुणी शिकवलेलाच नाही. तसंच 'एलएस स्टार डॉट सी' लिहून बघा. नेहमीच्या टर्मिनलमध्ये सगळ्या सी फाइल्स दिसतात, पण तुमचा शेल 'अशी फाइल नाही' म्हणतो. कारण स्टारचा अर्थ एलएसला कळतच नाही. त्या चिन्हाच्या जागी खऱ्या फाइल्सची नावं भरून यादी एलएसच्या हातात द्यायचं काम इतके दिवस बॅश गुपचूप करत होता. शेल लिहायला घेतल्याशिवाय ही गोष्ट लक्षात येत नाही.

फोर्क आणि एक्झेक: आधी झेरॉक्स, मग नवा मजकूर

आता मुख्य भाग. युनिक्स घराण्यात नवा प्रोग्राम सुरू करायची पद्धत जराशी विचित्र आहे. त्यासाठी दोन वेगळे सिस्टीम कॉल लागतात.

'फोर्क' म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत. फोर्क हाक मारतो एक प्रोसेस, पण त्यातून परततात दोन. दोघींकडे तोच कोड, तेच व्हेरिएबल्स, त्याच उघड्या फाइल्स. फरक फक्त परत मिळालेल्या आकड्यात. पेरेंटला चाइल्डचा प्रोसेस क्रमांक मिळतो, चाइल्डला शून्य. तो आकडा बघून प्रत्येकीने आपण कोण हे ओळखायचं. (प्रत म्हटल्यावर सगळी मेमरी खरोखर कॉपी होते का? आजच्या सिस्टीममध्ये नाही. दोघी तीच पानं वाटून घेतात आणि एखादीने त्यात बदल केला तरच त्या पानाची वेगळी प्रत निघते.)

'एक्झेक' याच्या उलट. तो नवी प्रोसेस बनवत नाही. आहे त्या प्रोसेसमधला प्रोग्राम पुसतो आणि तिथे दुसरा भरतो. प्रोसेसचा क्रमांक तोच, आतला जीव नवा. म्हणूनच एक्झेक यशस्वी झाला तर तो कधीच परत येत नाही. परत यायला जुना प्रोग्राम उरलेलाच नसतो. त्याच्या पुढची ओळ चालली याचा अर्थ एकच, एक्झेक फसला.

इथे नवशिक्यांचा एक ठरलेला घोळ होतो. कमांडचं स्पेलिंग चुकलं, एक्झेक फसला आणि चाइल्डमध्ये त्यानंतर बाहेर पडायची ओळ लिहिलेली नाही. मग ती चाइल्ड लूपच्या वर जाते आणि स्वतःच प्रॉम्प्ट दाखवायला लागते. म्हणजे शेलच्या आत शेल. वरून काहीच वेगळं दिसत नाही. कळतं कधी? 'एक्झिट' दोनदा टाइप करावं लागतं तेव्हा. उपाय सोपा: एक्झेकच्या खालीच एरर छापा आणि १२७ हा कोड देऊन चाइल्डला संपवा. 'कमांड सापडली नाही' यासाठी शेल हाच आकडा वापरतात.

एक्झेकचे अनेक भाऊबंद आहेत. शेलसाठी 'एक्झेकव्हीपी' घ्यावा. 'व्ही' म्हणजे शब्दांचा अ‍ॅरे स्वीकारणारा, 'पी' म्हणजे पाथमधल्या फोल्डर्समध्ये कमांड शोधणारा. एलएस नेमका कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे तुम्हाला सांगावं लागत नाही ते यामुळेच.

दरम्यान पेरेंट, म्हणजे तुमचा शेल, 'वेटपीआयडी' लावून चाइल्ड संपायची वाट बघतो. हे विसरलं तर एलएसचं आउटपुट यायच्या आधीच नवा प्रॉम्प्ट छापला जाऊ शकतो. शिवाय संपलेल्या चाइल्डची नोंद कर्नलच्या तक्त्यात तशीच पडून राहते. तिला झॉम्बी म्हणतात. नाव भीतीदायक असलं तरी ती काही करत नाही, नुसती जागा अडवते.

'सीडी' बिघडली तेव्हा

'पण दोन टप्पे कशाला? नवा प्रोग्राम सुरू कर, असं थेट का सांगता येत नाही?' हा प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी बेल लॅब्जमध्ये, युनिक्सच्या अगदी पहिल्या दिवसांत जावं लागतं.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-७ या छोट्या मशीनवर युनिक्स उभं करत होते. पुढे १९७९ मध्ये रिची यांनी युनिक्स कसं घडत गेलं यावर एक लेख लिहिला, त्यात ही हकिगत आहे. सुरुवातीला प्रत्येक टर्मिनलमागे एकच प्रोसेस असायची. तुम्ही कमांड दिली की शेल स्वतःच्या जागी ती कमांड मेमरीत भरायचा, म्हणजे स्वतःलाच पुसायचा. कमांड संपली की सिस्टीम शेलची ताजी प्रत पुन्हा आणून बसवायची. थोडक्यात एक्झेक होता, फोर्क नव्हता.

मग बर्कलीच्या एका टाइमशेअरिंग सिस्टीमवरून फोर्कची कल्पना घेतली गेली. ती बसवायला फार कष्ट पडले नाहीत, कारण प्रोसेसची प्रत डिस्कवर लिहायची यंत्रणा आधीच होती. रिची सांगतात की पीडीपी-७ वरचा फोर्क असेम्ब्लीच्या अवघ्या २७ ओळींत बसला.

पण नंतर फोल्डर बदलणारी कमांड, तेव्हाची 'सीएचडीर', चालेना. एरर नाही, काही नाही. फोल्डर मात्र बदलत नव्हता. फोर्कने असं काय बिघडवलं म्हणून मंडळींनी कोड पुन्हा पुन्हा वाचला. मग उलगडा झाला. बिघडलं काहीच नव्हतं! शेल आता चाइल्ड बनवत होता, ती चाइल्ड इमानेइतबारे स्वतःचा फोल्डर बदलत होती आणि लगेच संपून जात होती. पेरेंट शेल होता तिथेच. प्रत्येक प्रोसेसचा चालू फोल्डर तिचा तिचा असतो. लेकीने पत्ता बदलला म्हणून आईचा बदलत नाही.

तोडगा म्हणून सीएचडीर शेलच्या पोटात घेतली गेली. फोर्क नाही, शेलने स्वतःच ते काम करायचं. आज पन्नासहून अधिक वर्षांनी, तुमच्या सांगाड्यातली 'सीडी असेल तर स्वतः करा' ही ओळ त्याच कारणासाठी आहे.

व्हायव्हासाठी एक कसोटी इथेच मिळते. मायशेलच्या स्लिपमधल्या काउंट, लिस्ट, टाइपलाइन आणि सर्च या चारही कमांड शेलबाहेर, वेगळे प्रोग्राम म्हणून खुशाल लिहिता येतात. अक्षरं मोजायला शेलच्या आत असण्याची गरज नाही. शेलची स्वतःची अवस्था बदलणाऱ्या कमांड मात्र, जसं सीडी किंवा एक्झिट, बाहेर काढताच येत नाहीत. माझ्या मते या स्लिपमध्ये सीडी सक्तीची असायला हवी. काउंट लिहून सी येतं. सीडी फसल्यावर प्रोसेस म्हणजे काय ते कळतं.

दोन टप्प्यांमधली मोकळी जागा

आता 'दोन टप्पे कशाला'चं खरं उत्तर. फोर्क झाला आहे, एक्झेक व्हायचा आहे, त्या मधल्या क्षणी चाइल्डमध्ये अजून तुमचाच कोड चालू असतो. नवा प्रोग्राम येण्याआधी त्याच्यासाठी घर लावून ठेवायची ही संधी.

समजा एलएसचं आउटपुट 'यादी' नावाच्या फाइलमध्ये पाठवायचं आहे. प्रत्येक प्रोसेसकडे उघड्या फाइल्सचे क्रमांक असतात. शून्य म्हणजे इनपुट, एक म्हणजे आउटपुट, दोन म्हणजे एरर. चाइल्डमध्ये 'यादी' उघडायची, 'डप-टू' या कॉलने ती एक नंबरच्या जागी बसवायची आणि मग एक्झेक करायचा. एलएस नेहमीसारखा एक नंबरवर लिहितो. तिथे स्क्रीनऐवजी फाइल बसली आहे, याचा त्याला पत्ताही नसतो.

पाइपही याच जागेत बसतो. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो युनिक्समध्ये आला. एलएसचं आउटपुट थेट 'डब्ल्यूसी'ला देऊन ओळी मोजायच्या असतील तर कर्नलकडून पाइप मागायचा, दोन चाइल्ड बनवायच्या, पहिलीचं आउटपुट पाइपच्या एका तोंडाला जोडायचं आणि दुसरीचं इनपुट दुसऱ्या तोंडाला.

आणि इथे बहुतेकांची रात्र जाते. सगळं बरोबर लिहिलंय, तरी डब्ल्यूसी संपतच नाही, कर्सर नुसता लुकलुकतो. कारण डब्ल्यूसी 'मजकूर संपला' या खुणेची वाट बघत असतो आणि ती खूण पाइपचं लिहायचं तोंड सगळ्यांनी बंद केल्यावरच मिळते. एलएसने ते बंद केलं. पण फोर्कच्या वेळी त्याच्या प्रती शेलकडे आणि खुद्द डब्ल्यूसीकडेही राहिल्या! कुणीच त्यात लिहिणार नाही, पण कर्नलला ते कसं कळणार? म्हणून वापरायचं नसलेलं प्रत्येक तोंड, प्रत्येक प्रोसेसमध्ये, बंद करावं लागतं. दुसरी काळजी म्हणजे दोन्ही चाइल्ड सुरू केल्यावरच वेट करायचं. लिनक्सवर पाइपमध्ये साधारण ६४ केबी मावतं. तेवढा भरला आणि वाचणारी प्रोसेस अजून जन्मलीच नसेल, तर पहिली तिथेच अडकून पडते.

फोर्कवर टीकाही होते. मायक्रोसॉफ्ट रिसर्च, बोस्टन युनिव्हर्सिटी आणि ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एका निबंधात म्हटलं की फोर्क आजच्या काळाला शोभत नाही; अनेक थ्रेड असलेल्या मोठ्या प्रोग्राममध्ये तो धोकादायक ठरतो आणि विद्यार्थ्यांना तो इतिहास म्हणून शिकवावा. विंडोजमध्ये एकच कॉल नवी प्रोसेस बनवतो, पण त्याला दहा पॅरामीटर द्यावे लागतात. मोठ्या सर्व्हर प्रोग्रामबाबत या टीकेत तथ्य आहे. शेलसाठी मात्र फोर्कइतकं सुटसुटीत दुसरं काही नाही. त्याचा जन्मच त्या कामासाठी झाला.

कंट्रोल-सी दाबल्यावर शेलच मरतो, त्याचं काय?

कंट्रोल-सी दाबलं की टर्मिनलवर पुढे चालू असलेल्या प्रोसेसच्या सगळ्या गटाला 'सिगइंट' हा सिग्नल जातो. तुमचा शेलही त्याच गटात असल्याने कमांडसोबत तोही जातो. शेलने हा सिग्नल दुर्लक्षित करायचा आणि चाइल्डमध्ये एक्झेकच्या आधी तो पुन्हा मूळ स्थितीत आणायचा. दुसरं पाऊल विसरलं तर चाइल्डही तो सिग्नल कानाआड करते, कारण दुर्लक्ष करायची सूचना एक्झेकनंतरही टिकते.

शेल चुकला तर?

बॅश ब्रायन फॉक्स यांनी लिहिला आणि १९८९ मध्ये तो बाहेर आला. त्यात एक सोय होती: एका शेलमध्ये लिहिलेलं फंक्शन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून पुढच्या शेलला देता यायचं. नवा बॅश सुरू होताना तो मजकूर वाचायचा आणि फंक्शन तयार करायचा. चूक एवढीच की फंक्शन संपल्यावरही तो वाचत राहायचा आणि पुढे जे काही लिहिलं असेल ते कमांड समजून चालवायचा.

पंचवीस वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दरम्यान वेब आलं. जुन्या पद्धतीचे अनेक वेब सर्व्हर ब्राउझरने पाठवलेली माहिती, अगदी ब्राउझरचं नावसुद्धा, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवून स्क्रिप्ट चालवायचे. ब्राउझरच्या नावाच्या जागी कुणी कमांड लिहून पाठवली तर? मध्ये कुठे बॅश सुरू झाला की सर्व्हर ती मुकाट्याने चालवायचा. पासवर्ड नको, लॉगिन नको. स्टेफान शाझेलास यांनी ही चूक शोधली आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी ती जाहीर झाली. तिला 'शेलशॉक' नाव पडलं, धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले, आणि हल्लेखोर लगेच कामाला लागले.

तुमचा मायशेल काही कुणी सर्व्हरवर बसवणार नाही. पण त्याच प्रकारची चूक नोकरीत पहिल्याच वर्षी हातून घडू शकते. सी मध्ये 'सिस्टीम' नावाचं फंक्शन आहे. त्याला वाक्य दिलं की ते शेल सुरू करून ते वाक्य चालवतं. वेबसाइटवर युजरने चढवलेल्या फाइलचं नाव तुम्ही त्या वाक्यात जोडलं आणि कुणी फाइलच्या नावातच अर्धविराम टाकून पुढे फाइल्स उडवायची कमांड लिहिली, तर शेलच्या दृष्टीने त्या दोन कमांड होतात. तो दोन्ही चालवणार. हेच काम फोर्क आणि एक्झेकने केलं तर फाइलचं नाव हा अ‍ॅरेमधला एक शब्द राहतो. त्यात अर्धविराम असो की आणखी काही, त्याचा अर्थ लावायला मध्ये शेलच नसतो. फाइलचं नाव वजा चिन्हाने सुरू होत नाही ना, एवढं मात्र तरीही तपासावं लागतं, नाहीतर समोरचा प्रोग्राम त्याला ऑप्शन समजतो.

पुढे वाचायचं असेल तर

बॅशच्या कोडमध्ये थेट उडी मारू नका. त्याच्या मॅन्युअलमध्येच चुकांच्या यादीत पहिली तक्रार अशी आहे की तो फार मोठा आणि फार संथ आहे. त्याऐवजी एमआयटीने शिकवण्यासाठी बनवलेल्या 'एक्सव्ही-सिक्स' या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमचा शेल उघडा. पाइप आणि रीडायरेक्शन धरून तो सुमारे ५०० ओळींचा आहे आणि फुकट वाचता येतो. त्याच्या मेन फंक्शनमध्ये, फोर्कच्या आधी, टाइप केलेल्या ओळीची पहिली तीन अक्षरं तपासणारी एक अट दिसेल: सी, डी आणि स्पेस. हे काम चाइल्डने नाही, पेरेंटनेच करायचं, अशी टीपही तिथे लिहून ठेवली आहे.